आबांचा पट्टा बंद करू नका: एका गेम स्टुडिओला कोल्हापुरातून खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि निर्मिती विभागप्रमुख,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या कंपनीचं आणि खेळाचं नाव या पत्रात मुद्दामच घातलेलं नाही. ज्यांनी तो खेळलाय त्यांना चार ओळींत कळेल, आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. मला उत्तर हवं आहे. तीन मेल केले, एक पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं, एकदा रजा टाकून तुमच्या दारात येऊन बसले. तरी उत्तर मिळालं नाही, म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात तालमीतल्या संगणकावर खेळ सुरू केला तेव्हा पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. पंचेचाळीस दिवसांनी सर्व्हर बंद होणार, त्यानंतर खेळ उघडणार नाही, आजवरच्या सोबतीबद्दल आभार. खाली एकच बटण, 'ओके'. ते दाबल्याशिवाय पुढं जाताच येत नाही, म्हणून दाबलं. माझ्या मागं अकरा मुली उभ्या होत्या. त्यांतली सहावीतली एक म्हणाली, "ताई, मग वस्ताद दिसनार न्हाईत व्हय आता?" वस्ताद दोन हातांवर खुर्चीत बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि उठून बाहेर गेले.

तिला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळावं, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

मी मंगळवार पेठेत राहते. दिवसा शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी तालमीत मुलींना मर्दानी खेळ शिकवते. आधी लाठी, मग फरी-गदका म्हणजे ढाल आणि काठी, मग दोरी बांधलेला विटा, आणि हात तयार झाला की दांडपट्टा. माझे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, त्या तालमीचे वस्ताद. चाळीस वर्षं त्यांनी पेठेतल्या पोरांना एक पैसा न घेता शिकवलं.

तुमचा खेळ मला भाच्यानं दाखवला. तेव्हा तो पुरा झालेला नव्हता, नमुना म्हणून पहिला तासभर खेळता येत होता. १६६० चा पावसाळा, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, आणि गडावरची एक मुलगी अंधारात निरोप पोचवत फिरते. पन्हाळा आमच्यापासून वीस किलोमीटर. लहानपणापासून किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. पण तीन दरवाजाच्या कमानीखाली पावसानं अडकून उभं राहिल्यावर पागोळ्यांचा जो आवाज येतो, तो मी पहिल्यांदा एखाद्या खेळात ऐकला. ती मुलगी अंधारबावीच्या पायऱ्या उतरायला लागली की तिचा श्वास घुमायला लागायचा, कारण तिथं खरंच आवाज घुमतो. त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत खेळत बसले. दुसऱ्या दिवशी दुकानात पट्ट्या, म्हणजे गूळविक्रीची बिलं, लिहिताना डोळे मिटत होते.

एकच गोष्ट चुकली होती. ती मुलगी दांडपट्टा तलवारीसारखा मनगटातून फिरवत होती. पट्ट्याला तलवारीसारखी मूठ नसते. मनगटावरून कोपराकडं जाणारा लोखंडी खोबळा असतो आणि त्याच्या आत आडवी मूठ. हात एकदा आत गेला की मनगट वळत नाही. पातं म्हणजे हाताचंच लांब टोक होतं, आणि वार खांद्यातून, कमरेतून निघतो. मी तुम्हाला एवढंच लिहून पाठवलं, सोबत आबांचा एक फोटो. तिसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, तुम्ही पट्टा घेऊन आमच्याकडं येऊ शकाल का?"

तेव्हा तुमचा स्टुडिओ कोल्हापुरातच होता. उद्यमनगरात एका फौंड्रीच्या मागं, लोखंडी जिना चढून वर. मी पट्टा चादरीत गुंडाळून, स्कूटरवर आडवा धरून नेला. नऊ माणसं होती. खिडकीच्या गजांवर रेनकोट वाळत घातले होते, कारण आदल्या रात्री तिघं जण पन्हाळ्यावर पावसाचा आवाज रेकॉर्ड करून आले होते. दगडावरचा पाऊस वेगळा, गवतावरचा वेगळा, चिखलातला आणखी वेगळा. मला कानाला हेडफोन लावून तिन्ही ऐकवले. खालून लेथचा आवाज येत होता, तरी त्या हेडफोनमध्ये पन्हाळाच होता. मी तिथं चाहती म्हणून गेले होते. ज्या लोकांनी मला रात्री दीडपर्यंत जागवलं ते कसे दिसतात, कुठं बसतात, काय खातात हे बघायचं होतं. खात काय होते म्हणाल तर वडापाव, कीबोर्डच्या शेजारी कागदावर ठेवलेला.

ॲनिमेशन करणारा मुलगा इचलकरंजीचा. मी त्याचा उजवा हात खोबळ्यात घातला आणि म्हटलं, आता मनगट वळवून दाखव. वळेना. तो दोन मिनिटं तसाच उभा राहिला. मग हात न काढताच खुर्चीत बसला, डाव्या हातानं माऊस धरला आणि पडद्यावरच्या मुलीच्या सांगाड्यात मनगटाचा सांधा बंद करून टाकला. वार एकदम ताठ, लाकडासारखा दिसायला लागला. मग त्यानं खांद्याच्या कीफ्रेम, म्हणजे हालचालीतली ठरावीक ठिकाणची चित्रं, मागंपुढं केल्या, त्यानंतर कमरेच्या. अर्ध्या तासानं ती मुलगी पुन्हा वार करायला लागली तेव्हा माझ्या तोंडून "हां!" असा मोठ्यानं आवाज निघाला. तालमीत मुलीचा हात पहिल्यांदा बसतो तेव्हा निघतो तसा. त्या खोलीतली सगळी माणसं आपापलं काम सोडून त्या एका पडद्यामागं येऊन उभी राहिली.

पुढच्या खेपेला आबांना घेऊन गेले. तुम्ही अंगाला बांधायचे सेन्सर आणले होते. त्यांना दिशा कळते ती चुंबकीय क्षेत्रावरून. खाली फौंड्रीचं लोखंड आणि हातात पट्ट्याचं पातं, त्यामुळं आबा सरळ उभे असले तरी पडद्यावर त्यांचा हात हळूहळू पाठीमागं वळत जायचा. कुणीतरी सुचवलं, बांबूची काठी हातात घेऊन करू या. आबा म्हणाले, "काठीला पट्ट्याचं वजन न्हाई. हात खोटं बोलंल." शेवटी सेन्सर ठेवून दिले. तुमची माणसं आमच्या तालमीत आली, समोर एक आणि बाजूला एक असे दोन कॅमेरे लावले, आणि आबांनी खरा पट्टा घेऊन बावीस पवित्रे करून दाखवले. सेकंदाला साठ चित्रं. एक वार अर्ध्या सेकंदाचा म्हटला तरी तीस चित्रं. त्या मुलानं ती एकेक समोर ठेवून हातानं जुळवली. दोन महिन्यांवर काम चाललं. हलगीवाले काका उद्यमनगरात शेडच्या मागं आले, रद्दी पेटवून त्यांनी हलगी शेकली, कातडं ताणलं, आणि लेथ बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी तीन तास वाजवली. त्या वर्षी खंडेनवमीला तुमची चौघं आमच्या तालमीत शस्त्रपूजेला होती. आबांनी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला.

आम्ही पैसे घेतले नाहीत, मागितलेही नाहीत. एका कागदावर सह्या केल्या. त्यावर एवढंच होतं की चित्रण खेळासाठी वापरलं जाईल आणि नावं दिली जातील.

खेळ आला तेव्हा त्यात सरावाची एक खोली होती. तिथं प्रत्येक पवित्रा हळू करून, थांबवून, चारी बाजूंनी फिरवून बघता येतो. ती कल्पना तुमच्याच माणसांची, आणि त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. कारण गेल्या वर्षी आबांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली आहे. आता आबा तोंडानं सांगतात, मी करून दाखवते, आणि जिथं माझाही हात कमी पडतो तिथं आम्ही ती खोली उघडतो. मुली पडद्याभोवती फिरून बघतात: पाय कुठं पडला, कंबर कधी वळली, पातं डोक्यावरून जाताना डावा हात कुठं होता. पडद्यावर मुलगी असते, पण हालचाल आबांची आहे. त्यांचा वार संपताना उजवी टाच किंचित उचलते. तीसुद्धा त्या मुलानं सोडलेली नाही. म्हणून आमच्या मुली त्या पात्राला वस्तादच म्हणतात.

हे सगळं तुम्ही पंचेचाळीस दिवसांनी बंद करणार आहात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार पैशांची नाही, व्यवहाराची आहे. मी या खेळाच्या तीन प्रती घेतल्या. एक माझी, एक तालमीची, एक भाच्याची. प्रत्येकी ४९९ रुपये. तालमीच्या खर्चवहीत त्याची नोंद आहे. तुमच्या पानावर शब्द होता 'विकत घ्या'. आमच्या बाजारात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, सौद्यात निघाला, वजन झालं, पट्टी झाली, की तो घेणाऱ्याचा. पुढं अडत्यानं दुकान बंद केलं, गाव सोडलं, तरी तो घेणाऱ्याच्या गोदामात येऊन रवा उचलून नेत नाही. तुम्ही म्हणाल, अटींमध्ये लिहिलंय की हा फक्त परवाना आहे. ते मी वाचलं, नंतर. पण परवानाच द्यायचा होता तर बटणावर तसं लिहायचं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच आहे: परवाना देत असाल तर तसं ठळक सांगा, नुसतं 'विकत घ्या' म्हणू नका. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. बंदची सूचना यायच्या तीन आठवडे आधीपर्यंत तुम्ही हा खेळ सवलतीत विकत होता. माझ्या सांगण्यावरून तालमीतल्या दोन मुलींच्या घरच्यांनी तो तेव्हाच घेतला. त्यांच्यासमोर उभं राहायला मला लाज वाटते, कारण शब्द माझा गेला.

दुसरी तक्रार अशी, की हा खेळ बंद पडायचं काही कारणच नाही. हा एकट्यानं खेळायचा खेळ आहे. यात दुसऱ्या कुणाशी लढत नाही, गप्पा नाहीत, बाजार नाही. पन्हाळा, पाऊस आणि ती मुलगी, सगळं माझ्या संगणकात आहे. सर्व्हरला खेळ विचारतो ते दोनच गोष्टी: ही प्रत खरी आहे का, आणि ही व्यक्ती गेल्या वेळी कुठवर आली होती. दाराशी एक माणूस बसवलाय, तो निघून जाणार, म्हणून वाडाच पाडायचा, असं हे चाललंय. शेवटचं एक अपडेट काढून ही विचारणा काढून टाका, प्रगती ज्याच्या त्याच्या संगणकावर साठवू द्या. तुमच्याकडं आधी काम करणाऱ्या दोघांना मी विचारलं. त्यांच्या मते दोन माणसांचं दोन-तीन आठवड्यांचं काम आहे.

हे कुणी केलंच नाही असंही नाही. 'सिमसिटी' २०१३ च्या मार्चमध्ये आला तेव्हा इंटरनेटशिवाय सुरूच व्हायचा नाही, आणि ती अट काढणं अवघड असल्याचं सांगितलं जात होतं. वर्षभरात, २०१४ च्या मार्चमध्ये, त्याला इंटरनेटशिवाय खेळायची सोय मिळाली. 'नॉकआउट सिटी' तर पुरा ऑनलाइन खेळ. त्याचे सर्व्हर २०२३ च्या जूनमध्ये बंद झाले, पण त्याआधी लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन मगच. उलट बाजूचं उदाहरणही आहे. 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ ३१ मार्च २०२४ ला बंद केला गेला, आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या हातात काहीच उरलं नाही. त्यावरून युरोपात जी मोहीम उभी राहिली तिच्या अर्जावर एका वर्षात दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तुम्ही या दोन रस्त्यांपैकी कुठला घेताय हे आम्हाला माहीत असायला हवं.

सर्व्हर चालवायला दर महिन्याला पैसे लागतात, हे मला मान्य आहे. मी हिशेबच लिहिते. तो कायम चालू ठेवा असं माझं म्हणणं नाही.

तिसरी तक्रार नावांची. स्टुडिओ विकला गेला, दुसऱ्या शहरात गेला, आणि त्यानंतरच्या अपडेटमध्ये श्रेयनामावली बदलली. आबांचं नाव गेलं. हलगीवाल्या काकांचं गेलं. ज्या मुलानं बावीस पवित्रे हातानं जुळवले, त्याचंही गेलं, कारण तो तुमच्याबरोबर नव्या शहरात आला नाही. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही अशी चाळीसेक नावं आता तिथं आहेत. त्यांचंही काम असेल, त्यांची नावं राहू देत. पण काम ज्यानं केलं त्याचं नाव तो नोकरी सोडून गेला म्हणून पुसायचं, हे आमच्या तालमीत चालत नाही. तालमीच्या भिंतीवर १९५० च्या आसपासच्या वस्तादांचे फोटो आहेत. त्यांतले काही भांडून गेले होते. फोटो आहेतच. आणि हा फक्त रीतीचा प्रश्न नाही. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलाकाराला आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्क दिला आहे, आणि कलाकार कोण याच्या व्याख्येत नट-गायकांबरोबर कसरतपटू आणि गारुडीसुद्धा आहेत. पट्टा फिरवणारा वस्ताद त्यात बसतो असं मी समजते.

चौथी तक्रार थोडक्यात. त्याच अपडेटमध्ये तुम्ही मराठी आवाज काढून टाकले. डाउनलोड लहान करायचं होतं म्हणे. आता १६६० साली पन्हाळ्याच्या तटावर मावळे एकमेकांना इंग्रजीत हाका मारतात. मी तो भाग पाच मिनिटं खेळले आणि बंद केला.

पाचवी, तुमच्या दारातली. मी रात्रीच्या लक्झरीनं आले होते, सकाळी साडेनऊला पोचले. काचेचं मोठं दार, समोर पडद्यावर तुमच्या खेळांची चित्रं फिरत होती, त्यात आमचा पन्हाळा नव्हता. आत बसण्याआधी टॅबवर इंग्रजीतल्या गुप्ततेच्या करारावर सही करून घेतली. छातीवर 'पाहुणे' असं स्टिकर लावलं. अडीच तास बसले. स्वागतकक्षातली मुलगी चांगली होती, तिनं दोनदा पाणी दिलं आणि चार वेळा आत फोन केला. मग म्हणाली, "मॅडम, आज कुणी मोकळं नाहीये, मेल करा." मी तीन मेल केलेले तिला दाखवले. तिला माझ्यासाठी वाईट वाटलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. रागावून लिहीत नाही, पण तुमच्याच स्टुडिओचा लोखंडी जिना मी चढलेली आहे, म्हणून त्या दिवशी फार लागलं.

तुमच्या शहर सोडण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण इथं बरेच जण त्यावरच बोलतात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. प्रभातचे कितीतरी चित्रपट आजही बघायला मिळतात. पण त्याआधी याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, तो आज कुणालाच बघता येत नाही. खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते. कॅमेऱ्याचं स्मारक आहे, पण 'सैरंध्री' नाही. देशात मूकपट हजाराहून जास्त निघाले, उरले ते अगदी मोजके. तेव्हाच्या माणसांना काय जपायचं, कसं जपायचं हे ठाऊक नव्हतं, फिल्म जळून जायची, तिला साठवायला जागा नव्हती. त्यांना दोष देता येत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. मी घरून पळत गेले होते. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शेजारी खासबागेच्या कुस्ती मैदानाकडंही आग गेली होती. रस्त्यावर म्हातारी माणसं हुंदके देऊन रडत होती. आबा त्या रात्री जेवले नाहीत. ती आग कुणी सांगून लावली नव्हती. तुम्ही तारीख देऊन सांगितलंय, म्हणजे थांबवणं पूर्ण तुमच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या धंद्यातलीच आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत असणार. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली आला. आमच्या पिढीनं तो शाळेच्या संगणकावर खेळलाय. तो राजपुत्र इतका खरा पळतो, कारण जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र बेतलं. आबांचा पट्टा तुमच्या मुलानं जसा जुळवला, अगदी तसंच. त्या खेळाचा मूळ कोड हरवला होता. २०१२ साली वडिलांच्या घरी फ्लॉपींचं खोकं सापडलं म्हणून तो परत मिळाला आणि मेकनरनं तो सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या खेळाचं खोकं कुठं आहे? उद्यमनगरातले संगणक विकले गेले. ते दोन कॅमेऱ्यांचं चित्रण, हलगीचे तीन तास, पन्हाळ्याचा तीन तऱ्हेचा पाऊस, हे कुणाकडं आहे? मी पहिल्या मेलमध्ये हेच विचारलं होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सर्व्हर बंद करण्याआधी शेवटचं अपडेट द्या, ज्यानं खेळ लॉगिनशिवाय चालेल आणि प्रगती खेळणाऱ्याच्या संगणकावर साठेल. पंचेचाळीस दिवस पुरत नसतील तर तारीख पुढं न्या, आम्ही थांबू. त्या आवृत्तीत मराठी आवाज परत घाला. ते तुमच्याकडं तयार आहेत, नव्यानं काही करायचं नाही.

श्रेयनामावलीत पहिल्या आवृत्तीतली सगळी नावं परत घाला. नोकरी सोडून गेलेल्यांचीसुद्धा.

आबांच्या चित्रणाची आणि हलगीच्या ध्वनिमुद्रणाची एकेक प्रत तालमीला आणि काकांना द्या. विकू नका, दुसऱ्या खेळात वापरायची असेल तर आधी विचारा. खेळाची एक पूर्ण प्रत, मूळ कोडसकट, शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेकडं जपायला द्या. आज ती उघडू नका म्हणा, चालेल.

बंदच्या सूचनेआधीच्या सहा महिन्यांत ज्यांनी खेळ विकत घेतला, त्यांना पैसे परत करा. माझ्या तीन प्रतींचे नकोत.

आणि या पत्राला मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असं उत्तर द्या. नकार असला तरी कारणासकट द्या.

तीस दिवस वाट बघेन. तोवर काहीच आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं अर्ज करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो तिथं दाद मागता येते, म्हणजे कोल्हापुरात. याला धमकी समजू नका. पुढं काय करणार ते आधी सांगितलेलं बरं, एवढ्यासाठी लिहिलं. अर्जाचा खर्च तालमीतून घेणार नाही, माझा मी करीन.

तुमच्यापैकी निर्णय ज्याच्या हातात आहे त्यानं एकदा इकडं यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. संध्याकाळी सहा ते आठ आम्ही तालमीतच असतो. कुठलाही करार सही करावा लागणार नाही. मुली सरावाची खोली कशी वापरतात ते बघा. ती सहावीतली मुलगी आता पडद्याकडं न बघता नववा पवित्रा करते. टाच बरोबर उचलते.

आपली,
उद्यमनगरच्या स्टुडिओत पट्टा घेऊन आलेली तालमीतली ताई,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. आबांची फरी स्कॅन करायला म्हणून तुमच्या माणसांनी ठेवून घेतली होती. चारशेवर फोटो काढले, मग स्थलांतराच्या गडबडीत ती परत आली नाही. चामड्याची आहे, कडेला पितळी फुल्या आहेत, त्यांतली एक निघालेली आहे. तुमच्या सामानात कुठंतरी असेल. खंडेनवमीच्या आत पाठवलीत तर पूजेला मांडता येईल.